जुन्या व्हील हॉर्स सी-१२० गार्डन ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधून तेल गळते, सील बदलूनही थांबत नाही

उत्तर इंडियाना (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे १९७० च्या दशकातला व्हील हॉर्स सी-१२० हा गार्डन ट्रॅक्टर आहे. त्याला कोहलरचे १२ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, ओतीव लोखंडी इंजिन आहे. गिअरबॉक्सला इकडे आठ गतींचा म्हणतात, पण त्यात पुढच्या सहा आणि मागच्या दोन गती आहेत. गिअर, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) आणि चाके ज्यांवर बसतात ते दोन्ही मागचे अ‍ॅक्सल एकाच ओतीव लोखंडी पेटीत बसवलेले असल्यामुळे एका ठिकाणची गळती संपूर्ण मागच्या भागाला महागात पडू शकते, ही माझी मुख्य चिंता आहे.

ही कंपनी १९४६ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंड येथे पॉन्ड पितापुत्रांनी सुरू केली होती आणि ते गाव माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. त्यामुळे ज्या मातीत हा ट्रॅक्टर तयार झाला, तिथेच तो चालता राहावा, असे मला मनापासून वाटते. चार वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध शेजाऱ्यांकडून मी तो घेतला. त्याआधी तो बरीच वर्षे झाडाखाली ताडपत्री टाकून उभा होता. उन्हाळ्यात त्याने गवत कापतो, हिवाळ्यात पुढे फाळ लावून अंगणातला बर्फ सारतो.

अडचण अशी आहे की मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल गळते आणि रिमवरून टायरपर्यंत ओघळते. दोन महिन्यांपूर्वी मी चाक व हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) काढून अ‍ॅक्सलचे ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बदलले. जुने सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढले, अ‍ॅक्सलवर थोडा गंज होता तो पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून साफ केला आणि नवे सील ठोकून बसवले. तीन आठवडे जमीन कोरडी राहिली, त्यानंतर पुन्हा थेंब दिसू लागले. आता गळती पूर्वीपेक्षा किंचित जास्तच आहे. तेल कमी पडू नये म्हणून मी तेल मोजण्याच्या पट्टीवरच्या खुणेपेक्षा थोडे वर भरून ठेवले आहे. तेलाचा रंग दुधाच्या कॉफीसारखा फिकट दिसतो, पण ते बरेच जुने असल्यामुळे तसे होत असावे.

जवळच्या एका दुरुस्ती दुकानात विचारले असता, हा गिअरबॉक्स काढून दुसरा जुना बसवावा, असे त्यांनी सांगितले. मला ते पटत नाही. ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कुपवाडचा फिटर

आपण सगळे सविस्तर लिहिले हे फार बरे केले, कारण उत्तर आपल्याच मजकुरात तीन ठिकाणी दडलेले आहे.

पहिले म्हणजे तेलाचा रंग. गिअरचे तेल जुने झाले की काळपट होते, फिकट कधीच होत नाही. ते दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. दुसरे म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गंज. जिथे सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली रबरी कड, फिरतो त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर कितीही उत्तम सील बसवले तरी तो ओठ काही दिवसांत कापला जाणार. आपले सील तीन आठवडे टिकले, याचा अर्थ सील चांगले होते आणि बसवण्याची जागा खराब होती. तिसरे म्हणजे जादा भरलेले तेल. पातळी वाढली की सीलवर उगाचच जास्त तेल येते आणि गरम झाल्यावर तेल फुगले की ते सर्वांत कमकुवत जागेतून बाहेर पडते.

कुठलाही नवा भाग मागवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. मागची बाजू घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) उचलून चाक काढावे, अ‍ॅक्सलचे टोक हातात धरून वर-खाली हलवावे आणि किती खेळ आहे ते पाहावे. बेअरिंग झिजले असेल तर अ‍ॅक्सल खाली बसतो, सीलच्या वरच्या बाजूला फट पडते आणि खालची बाजू घासून जाते. त्यानंतर गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन प्लग (तेल काढायचे बूच) रात्रभर ट्रॅक्टर न हलवता सकाळी सावकाश ढिला करावा आणि सर्वांत आधी काय बाहेर येते ते काचेच्या बरणीत धरावे.

पुणे ४

बाजारात गळती थांबवणारे द्रव मिळतात. तेलात मिसळले की रबर फुगते आणि फट बुजते. एवढी खटपट करण्याआधी ते वापरून पाहता येईल.

वंगण आणि मी

या उपायाबद्दल मी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. ती द्रव्ये वाळून आकसलेल्या जुन्या रबराला काही काळ मऊ करतात हे खरे आहे, परंतु इथे सील दोन महिन्यांपूर्वीचे, म्हणजे नवे आहे. आकसलेले नसलेले रबर फुगवून ओठ अधिक ढिला होण्याचीच शक्यता आहे. शिवाय मूळ दोष पाण्याचा असेल तर आतल्या बेअरिंगना गंज चढत राहील आणि बाहेर मात्र सगळे ठीक वाटेल.

दुधाळ रंगाविषयी थोडे अधिक लिहितो. फिरणारे गिअर तेल आणि पाणी एकत्र घुसळतात, त्यातून पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तेलात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे तेल पांढरट दिसते. यंत्र बराच काळ उभे राहिले तर पाण्याचा काही भाग वेगळा होऊन तळाशी जातो, कारण गिअर तेल पाण्यापेक्षा हलके असते. फिटरसाहेबांनी रात्रभर न हलवता प्लग ढिला करण्यास सांगितले, त्यामागचे कारण हेच आहे.

उत्तर इंडियाना

आज सकाळी सांगितल्याप्रमाणे प्लग ढिला केला. पहिल्यांदा जवळजवळ एक कप स्वच्छ पाणी आले, त्यामागून गढूळ पाणी आणि मग घट्ट, पिवळसर पांढरे तेल. हे पाहून मला धक्काच बसला. एकूण पाणी किती असेल सांगता येत नाही, पण बरणीत आता दोन स्पष्ट थर दिसत आहेत.

डाव्या अ‍ॅक्सलचा खेळ हाताला जेमतेम जाणवतो. उद्या डायल गेज (बारीक खेळ मोजणारे घड्याळी माप) लावून मोजतो.

मला आता दुसरी काळजी लागली आहे. इथे हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरते आणि ट्रॅक्टर बिनाउबेच्या गॅरेजमध्ये असतो. आत एवढे पाणी असेल तर ते गोठून पेटीला तडा गेला असेल का? आणि हे पाणी आत शिरले तरी कुठून?

ओहायोकर

माझ्याकडे याच जातीचे दोन ट्रॅक्टर आहेत आणि या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या हातांनी शोधले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाणी बहुतेक करून गिअरच्या दांड्याच्या रबरी टोपीतून शिरते. तो दांडा गिअरबॉक्सच्या वरच्या भागातून सरळ आत उतरतो आणि त्याच्या मुळाशी फक्त एक रबरी टोपी असते. उन्हापावसात वर्षानुवर्षे राहिल्यावर ती टोपी भेगाळते आणि ट्रॅक्टरवर पडलेले पाणी दांड्यावरून घरंगळत थेट आत जाते. आपला ट्रॅक्टर झाडाखाली उभा होता, आणि ताडपत्रीतून गळणारे पाणी नेमके मध्यभागी, म्हणजे दांड्याजवळ, साचत असणार. रबराचे आयुष्य संपले तरी ते बदलले गेले नाही आणि यंत्र उघड्यावर राहिले, एवढेच याचे कारण आहे. ट्रॅक्टर धुताना जोरदार फवारा मारला तरी असेच घडते. आपण दांडा एका बाजूला झुकवून टोपीच्या घड्या उलगडून पाहा, भेग नक्की सापडेल.

हे पाणी वर्षानुवर्षे तळाशी राहिले की गिअरबॉक्समधला सर्वांत खालचा भाग सतत ओला राहतो. बर्फाचा धोका खरा आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ओतीव लोखंड ताण सहन करत नाही, ते तडकते. तळाशी पाणी साचलेल्या पेट्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता हबबद्दल एक कळकळीची सूचना. आपण डावा हब आधी काढला आहे, तो निघेल. उजवा पन्नास वर्षांत कदाचित कधीच निघालेला नसेल. हब अ‍ॅक्सलवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) आणि सेट स्क्रूने बसवलेला असतो आणि गंजामुळे तो अ‍ॅक्सलशी एकजीव झाल्यासारखा होतो. त्या वेळी अ‍ॅक्सलच्या टोकावर हातोडा मारण्याचा मोह होतो. कृपा करून तसे करू नका. प्रत्येक घाव अ‍ॅक्सलमधून सरळ डिफरन्शियलमध्ये जातो, आणि अ‍ॅक्सलच्या आतल्या टोकाला धरून ठेवणारी कडी किंवा त्यामागचा गिअर फुटला तर पेटी पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आधी सेट स्क्रू पूर्णपणे बाहेर काढावा, त्याच्या भोकातून गंज सोडवणारे तेल दिवसातून दोनदा सोडावे, आणि असे चार-पाच दिवस करत राहावे. मग भक्कम पुलर (हब ओढून काढणारे अवजार) लावून ताण द्यावा व तसाच रात्रभर सोडावा. सकाळी हबला, फक्त हबला, सभोवताली गॅसच्या ज्योतीने थोडी ऊब द्यावी. त्या वेळी आसपास सांडलेले तेल किंवा इंधन असता कामा नये.

उद्यमनगर टर्नर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शाफ्ट घासण्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून एका वाक्यावर माझी नजर खिळली: गंज पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासला. तीन आठवड्यांत सील का गेले याचे अर्धे उत्तर या वाक्यात आहे.

सीलचा ओठ शाफ्टवर ज्या रेषेत फिरतो तिथला पृष्ठभाग गोलाकार दिशेनेच घासलेला असला पाहिजे. लांबीच्या दिशेने ओढलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे आतून बाहेर जाणारी एक बारीक नाली असते. फिरताना ओठ तिच्यावरून जातो आणि तेल त्या नालीतून ओठाखालून निसटते. तिरकस, मळसूत्रासारखा ओरखडा तर त्याहून वाईट, कारण तो एका दिशेने फिरताना तेल पंपासारखे बाहेर ढकलतो. म्हणून आता बारीक पेपरची पट्टी अ‍ॅक्सलभोवती गुंडाळावी आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढत, बूट पॉलिश करतात तसे, गोल घासावे. ४०० पासून सुरुवात करून ६०० नंबरपर्यंत पुरेसे आहे. आरशासारखी चकाकी आणू नये, ओठाखाली तेलाचा पातळ थर टिकायला किंचित खरखरीतपणा लागतो.

त्यानंतर नखाची परीक्षा घ्यावी. बोटाचे नख अ‍ॅक्सलच्या लांबीच्या दिशेने सावकाश फिरवावे. ते कुठे अडकले, म्हणजे ओठाने कोरलेली खाच किंवा गंजाचा खड्डा लागला, तर फक्त घासून भागणार नाही. अशा वेळी दोन मार्ग आहेत. सीलच्या घरात जागा असेल तर नवे सील दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या पट्ट्यावर येतो. जागा नसेल तर शाफ्टवर चढवायची पातळ पोलादी बाही मिळते. तिची जाडी सुमारे ०.२८ मिलिमीटर असते, त्यामुळे सीलचा आकार बदलावा लागत नाही. आपल्याकडे पूर्वी अशा शाफ्टवर वेल्डिंगने धातू चढवून लेथवर पुन्हा घासत असू. इथे अ‍ॅक्सल बाहेर काढावा लागेल म्हणून ते सुचवत नाही.

आणखी एक. हा अ‍ॅक्सल इंची मापाचा असणार. एक पूर्णांक एक-अष्टमांश इंच म्हणजे २८.५७५ मिलिमीटर. कोणी २८ चे मिलिमीटरचे सील "जवळपास बसते" म्हणून दिले तर घेऊ नये. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक ताणलेला ओठ तापतो, कडक होतो आणि शाफ्टवर नवी खाच पाडतो. आपल्याकडच्या जुन्या विलायती यंत्रांना सुद्धा हाच त्रास होतो, सील बसल्यासारखे वाटते आणि महिन्याभरात जाते. शाफ्ट, घराचा व्यास आणि जाडी ही तीनही मापे कॅलिपरने स्वतः घ्यावीत.

उत्तर इंडियाना

टर्नरसाहेब, आपण दाखवलेली चूक माझीच आहे हे मान्य करतो. मी पेपर अ‍ॅक्सलवर मागे-पुढे ओढला होता.

आजची मोजमापे अशी आहेत. डाव्या अ‍ॅक्सलचा व्यास आपण सांगितला तेवढाच भरला. डायल गेजवर वर-खाली खेळ ०.१२ मिलिमीटर दिसला. नखाची परीक्षा घेतली असता एक स्पष्ट खाच आणि तिच्या बाहेरच्या अंगाला खड्ड्यांचा दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टा लागला. ओहायोकर, गिअरच्या दांड्याची टोपी उलगडून पाहिली. बाहेरून ती धड दिसत होती, पण घडीच्या तळाशी अर्धा घेर फाटलेला निघाला.

कुपवाडचा फिटर

०.१२ चा खेळ लिप सील सहन करते, त्यामुळे बेअरिंगसाठी पेटी उघडू नये. पेटीचे दोन अर्ध उघडले की गिअर बदलणाऱ्या रॉडवरच्या गोळ्या आणि स्प्रिंग उडून जातात, शिवाय मधले कागदी पॅकिंग फाटते. बाहेरून काम भागत असेल तर आत शिरू नये, असा माझा आग्रह आहे.

तड्याची शंका मात्र आताच निस्तरावी. आमच्याकडे इंजिनाचे ब्लॉक तपासायला जुनी पद्धत आहे. गिअरबॉक्स रिकामा करून बाहेरचा तळ आणि बाजू पूर्ण साफ, कोरड्या कराव्यात. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने बाहेरून पातळ लेप द्यावा आणि वाळू द्यावा. मग आत लिटरभर रॉकेल ओतून काही तास थांबावे. रॉकेल केसाएवढ्या तड्यातूनही झिरपते आणि पांढऱ्या खडूवर त्याची काळसर रेघ उमटते. तीच परीक्षा ड्रेन प्लग, पॅकिंगचा जोड आणि ब्रेकच्या शाफ्टचे सील यांचीही होते, म्हणजे एका दमात सगळ्या जागा कळतात.

ब्रेकच्या शाफ्टकडे विशेष लक्ष द्यावे. तिथले सील गळत असेल तर तेल थेट ब्रेकच्या पट्ट्यावर जाते. तेलाने माखलेला पट्टा धरत नाही. त्या जागेचा निकाल लागेपर्यंत ट्रॅक्टर उतारावर नेऊ नये, ही विनंती नव्हे, ताकीद समजावी.

द्राक्षबाग

आमच्या निफाडकडच्या बागेत एक जुना छोटा ट्रॅक्टर होता, त्याच्या पेटीत आम्ही शेवटी तेलाऐवजी पातळ ग्रीस भरले होते. अमेरिकेत मक्याच्या कापणीयंत्राच्या पुढच्या भागात वापरतात तसले अर्धवट पातळ ग्रीसही मिळते असे ऐकले आहे. ते गळत नाही. शेवटचा उपाय म्हणून विचार करायला हरकत नसावी.

वंगण आणि मी

आपण म्हणता ते ग्रीस फिरताना पातळ होते आणि थांबले की घट्ट होते, म्हणून साध्या, उघड्या गिअरच्या पेटीत ते उपयोगी पडते. या गिअरबॉक्सच्या बाबतीत मला ते मान्य नाही. इथे दातांवरून उडालेल्या तेलाच्या शिंतोड्यांवर शाफ्टच्या बुशांना (दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्यांना) आणि बेअरिंगना वंगण मिळते. घट्ट पदार्थात गिअर आपल्यापुरती वाट करून घेतात आणि त्या अरुंद जागांत वंगण पोहोचत नाही. इकडच्या कडाक्याच्या थंडीत तर ते अधिकच घट्ट होईल.

तेल भरताना ९० नंबरचे गिअर तेल वापरावे. आत पितळी किंवा काशाचे बुश असण्याची शक्यता लक्षात घेता मी जीएल-४ प्रतीचे तेल पसंत करतो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट असते आणि उच्च तापमानाला ती तांब्याच्या मिश्रधातूंवर परिणाम करू शकतात. गार्डन ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स फारसा तापत नाही, म्हणून कोणी जीएल-५ वापरले तरी मी घाबरणार नाही. पण निवड हाती असताना सौम्य तेल का घेऊ नये?

ओहायोकर

तेलाच्या बाबतीत मी जीएल-५ च अनेक वर्षे वापरतो आहे आणि बुशांना काही झालेले नाही, एवढी नोंद करतो. प्रमाण सुमारे दोन क्वार्ट, म्हणजे १.९ लिटर. परंतु मोजून ओतण्यावर विसंबू नये, पट्टीच्या खुणेवर थांबावे.

उत्तर इंडियाना

दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण उजव्या हबने सहा दिवस घेतले.

आधी खडूची परीक्षा. संपूर्ण तळाला लेप दिला आणि रॉकेल ओतून रात्रभर ठेवले. सकाळी विजेरी घेऊन जमिनीवर आडवा झालो तेव्हा छाती धडधडत होती. पेटीला कुठेही तडा नाही. मधला जोड कोरडा होता. डाव्या अ‍ॅक्सलखाली अपेक्षेप्रमाणे मोठा काळा ओघळ होता, ब्रेकच्या शाफ्टखाली बोटभर लांबीची रेघ होती आणि उजव्या अ‍ॅक्सलखाली नुसता ओलसर डाग होता. म्हणजे तीन सील गळत होती आणि मला एकच ठाऊक होते. ब्रेकचा पट्टा काढून पाहिला तर त्याचा खालचा अर्धा भाग तेलाने काळा झालेला होता. फिटरसाहेब, आपण ताकीद दिली नसती तर मी पुढच्या आठवड्यात घरामागच्या उतारावर गवत कापायला गेलो असतो.

त्या रॉकेलनेच आतून धुऊन घेतले. चाके अधांतरी ठेवून, इंजिन न लावता, हातानेच चाके आणि पट्ट्याची पुली फिरवली, म्हणजे कोरड्यासारख्या गिअरवर भार आला नाही. रॉकेल तीन वेळा बदलल्यानंतर ते स्वच्छ येऊ लागले. ड्रेन प्लगला चिकटलेला गाळ चुंबकाने तपासला, त्यात बारीक पूड होती, तुकडा एकही नव्हता. नंतर दोन दिवस प्लग आणि वरचे तोंड उघडे ठेवून आत पंख्याची हवा सोडली.

उजव्या हबचा सेट स्क्रू काढायलाच दोन दिवस लागले. भोकातून रोज सकाळ-संध्याकाळ तेल सोडले. पाचव्या दिवशी पुलर लावून हाताने जेवढा ताण देता येईल तेवढा दिला आणि झोपायला गेलो. सहाव्या दिवशी सकाळी ज्योत दोन मिनिटे हबभोवती फिरवली, तेव्हा बंदुकीसारखा आवाज होऊन हब एक सूत बाहेर आला. त्यानंतर तो सावकाश निघाला. अ‍ॅक्सलवर एकही घाव घातला नाही.

आता टर्नरसाहेबांना एक प्रश्न आहे. डावीकडे सील दोन मिलिमीटर बाहेर बसवण्याइतकी जागा आहे, पण बाहेरच्या अंगालाच खड्ड्यांचा पट्टा आहे. अशा वेळी बाहीच घ्यावी ना?

उद्यमनगर टर्नर

होय, डावीकडे बाहीच घ्यावी. खड्ड्यांत धातूमिश्रित एपॉक्सी पातळ भरून, वाळल्यावर गोल घासून समतल करावी आणि त्यावर बाही चढवावी, म्हणजे बाहीला खालून आधार मिळतो आणि तिच्याखालून तेल झिरपण्याची वाट बंद होते. बाही तिच्याबरोबर आलेल्या टोपीने सरळ ठोकावी, एका कडेला ठोकू नये, पातळ पत्रा आहे, लगेच मुडपतो.

सील बसवताना चावीच्या खाचेवर आणि अ‍ॅक्सलच्या टोकाच्या धारेवर गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळावी, कारण सील चढवताना तिथेच ओठ फाटतो आणि बसवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. ओठाला आतून ग्रीस लावावे. स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा घेऊन तो चारी बाजूंनी सारखा ठोकावा. बाहेरच्या कडेला शेलॅकचा अगदी पातळ हात द्यावा, ओठाला लागू देऊ नये. जुने सील काढताना स्क्रू ड्रायव्हर अ‍ॅक्सलला टेकवण्याऐवजी सीलच्या पत्र्यात दोन लहान स्क्रू फिरवून ते पकडीने ओढावेत, म्हणजे घराला आणि शाफ्टला ओरखडा पडत नाही.

उत्तर इंडियाना

काम पूर्ण झाले. डावीकडे एपॉक्सी व बाही. उजवीकडे खाच नव्हती, फक्त डाग होते, ते गोल घासून निघाले, म्हणून तिथे साधे नवे सील बसवले. ब्रेकच्या शाफ्टचे सील बदलले आणि ब्रेकचा पट्टा नवा घातला. तेलाने भिजलेला पट्टा धुऊन पुन्हा वापरावा का, असा विचार आला होता, पण ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको असे ठरवले. गिअरच्या दांड्याची रबरी टोपी नवी आणून बसवली आणि तिच्या वरच्या कडेला दांड्याभोवती पट्टी आवळली. तेल जीएल-४ मिळाले तेच, पट्टीच्या खुणेपर्यंत, थेंबभरही जास्त नाही.

दोन तास चालवून गरम असतानाच तेल काढले, कारण आत राहिलेले रॉकेल आणि पाणी त्याबरोबर निघून जावे असे वाटले. ते किंचित धुरकट होते. पुन्हा ताजे भरले.

कुपवाडचा फिटर

ते पहिले भरलेले तेल काढून टाकलेत, हे फार शहाणपणाचे केलेत. आता गॅरेजमध्ये ट्रॅक्टरखाली पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि त्यावर चाकांच्या जागा पेन्सिलीने आखाव्यात, म्हणजे डाग पडला तर तो नेमका कोणत्या जागेखालचा आहे हे लगेच कळेल. पहिले आठ दिवस नव्या सीलच्या ओठाशी अगदी हलका ओलावा दिसला तर घाबरू नये, तो बसवताना लावलेल्या ग्रीसचाही असू शकतो. थेंब पडला तर मात्र इथे लिहावे.

उत्तर इंडियाना

हिवाळा सरल्यावर पुन्हा हजर होतो आहे. डिसेंबर ते मार्चपर्यंत चौदा वेळा बर्फ सारला. एका खेपेला बर्फ इतका ओला होता की ट्रॅक्टर पूर्ण भिजला, त्यानंतर आठवडाभर थांबून ड्रेन प्लगमधून चमचाभर तेल काढून पाहिले. ते मधासारखे पारदर्शक होते आणि बरणीत तळाशी पाण्याचा थेंबही नव्हता. पुठ्ठ्यावर डावीकडे आणि ब्रेकखाली काहीही नाही. उजव्या चाकाखाली नाण्याएवढा एक जुना डाग आहे, तो जानेवारीपासून वाढलेला नाही.

ओहायोकर, आपल्या दोन्ही ट्रॅक्टरच्या टोप्या या आठवड्यात उलगडून पाहाव्यात. माझी जुनी फाटलेली टोपी मापे घेण्यासाठी जपून ठेवली आहे, हवी असल्यास पाठवतो.

ओहायोकर

काल पाहिल्या. एक धड आहे, दुसरी घडीत फाटलेली आहे आणि त्या ट्रॅक्टरच्या प्लगमधून अर्धा कप पाणी निघाले. टोपी पाठवावी, माप घेऊन परत करतो. उद्यापासून मीही खडूचा लेप कालवतो आहे.